आवाज बसलेलं घड्याळ

"तेल घातलंत म्हणता, मग याचा घसा अजून बसलेलाच कसा?"

असं म्हणत बायंडिंगवाल्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून काचेच्या काउंटरवर ठेवलं. ठेवलं तेही अशा बेताने, की जणू तान्हं मूल झोपलंय आणि आता उठलं तर रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा लागू देणार नाही.

दुरुस्तीवाल्याने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. दीड महिन्यात ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्याने घड्याळ उघडलं, पाहिलं, बंद केलं आणि आठ दिवसांनी "साफ केलंय" म्हणून परत दिलं. दुसऱ्या खेपेला उघडलंसुद्धा नाही. आठ दिवस कपाटात ठेवलं आणि "तेल घातलंय" म्हणून परत दिलं. घड्याळात खोट असती तर त्याने ती डोळे मिटून काढली असती. पण खोट घड्याळात नव्हती, आणि जिथे होती तिथे बोट दाखवायची त्याची छाती होत नव्हती. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घड्याळांना नावं ठेवली होती, गिऱ्हाइकाच्या कानाला नावं ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"बाई, मशीनवर लावून दाखवतो," तो म्हणाला. त्याने घड्याळ एका छोट्या यंत्राच्या चिमट्यात धरलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, सुतात ओवल्यासारख्या सरळ. "बघा. दिवसाला तीन सेकंदांचासुद्धा फरक नाही. ठणठणीत आहे."

"मी चालीबद्दल बोलतच नाहीये. चाल चांगलीच आहे. आवाजाबद्दल बोलतेय. पूर्वी हे बोलायचं. आता नुसतं पुटपुटतं. गेल्या आठवड्यापासून तर तेही नाही."

दुरुस्तीवाल्याने बाईंच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर टाळली. ती आईबरोबर आली होती ती घड्याळासाठी नव्हेच. आईने एकटीने रस्ता ओलांडू नये म्हणून आली होती. मागच्या सोमवारी मागून एक ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता आणि आई मधोमध चालत होती, पुस्तकं चिकटवायची खळ जास्त घट्ट झाली का याचा विचार करत. ट्रकवाला शेवटी खाली उतरून "आजी, रस्ता तुमच्या नावावर आहे का?" असं विचारून गेला. तेव्हापासून लेक रोज आईबरोबर निघायची. आईला मात्र त्या प्रसंगातली एकच गोष्ट खटकली होती: आजी!

बाईंचं वय एकोणसाठ. छापखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचा बायंडिंगचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन टेबलं, एक दाबयंत्र, एक कागद कापायचं यंत्र आणि खळीचं पातेलं. ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे पोत्यातून यायची आणि धडधाकट होऊन परत जायची. काम करताना घड्याळ काढून खिडकीतल्या कपाटावर ठेवायचं, खळीचा थेंबसुद्धा त्याच्या वाऱ्याला उभा राहता कामा नये, हा नियम. आणि दुपारी काम थांबलं की हात धुऊन घड्याळ कानाशी लावायचं आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. इतर बायका दुपारी लवंडतात, या घड्याळ ऐकायच्या.

कारण बाईंना घड्याळांचं वेड होतं, पण ते बघण्याचं नव्हे, ऐकण्याचं. आयुष्यात त्यांनी तीनच घड्याळं घेतली, आणि तिन्ही कानाने पारखून. दुकानात गेल्या की विक्रेता तबकडी दाखवायचा, पट्टा दाखवायचा, पाण्यात बुडवलं तरी काही होत नाही म्हणून सांगायचा. बाई म्हणायच्या, "मी पाण्यात बुडत नाही. पंखा बंद करा जरा." मग एकेक घड्याळ कानाशी. एकदा एका नव्या विक्रेत्याला वाटलं बाई फोनवर बोलताहेत. तो आदबीने दहा मिनिटं बाजूला उभा राहिला. हातातलं हे तिसरं घड्याळ, पातळ, रोज चावी द्यायचं, त्यांनी अकरा महिने त्याच दुकानात जाऊन ऐकलं आणि मग घेतलं. मुलगी बघायलासुद्धा लोक इतक्या खेपा घालत नाहीत, असं नवऱ्याचं म्हणणं. वेळ काय, भिंतीवरचं प्लास्टिकचं घड्याळही सांगतं. हे घड्याळ ऐकू येईनासं झालं, तर ते बाईंच्या दृष्टीने मनगटावरचा पत्रा होता.

हे वेड आलं कुठून, ते सांगायचं तर बाई आठ वर्षांच्या होत्या तिथे जावं लागेल.

त्यांच्या घरात तेव्हा घड्याळ नव्हतं. वडील पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. पाळीला वेळेवर पोचायचं तर घरातून पावणेसातला निघायला हवं. आणि आई अशी, की सूर्य उगवला तरी एकदा बाहेर जाऊन खात्री करून यायची. दुपारी चार वाजल्यापासून तिच्या जिवाची घालमेल सुरू. "किती वाजले असतील हो?" "उशीर तर नाही ना झाला?" वडील झोपेतून म्हणायचे, "झाला तर कारखाना इथे येईल मला शोधत." यावर तिला हसू येत नसे.

मग साडेसहाच्या सुमाराला ती मुलीला हाक मारायची, "जा गं, वेळ घेऊन ये."

शेजारून विरजण आणावं तशी वेळ आणायची. गल्लीच्या टोकाला जहाजवाले काका राहायचे. जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत काम करून निवृत्त झालेले, एकटे, आणि गल्लीतल्या एकमेव उत्तम घड्याळाचे मालक. त्यांच्याकडे वेळ विचारणं म्हणजे साहेबाच्या खोलीत जाण्यासारखं. चपला बाहेर. हात धुतलेले. मग काका बाही वर करायचे, तबकडीकडे पाहायचे आणि सांगायचे, "सहा वाजून छत्तीस मिनिटं. तू पायरी उतरेपर्यंत सदतीस. घरी पोचेपर्यंत एकोणचाळीस. वाटेत खेळलीस तर देव जाणे."

पोरगी ती वेळ तोंडात धरून पळत सुटायची. "सहा सदतीस, सहा सदतीस, सहा अडतीस..." विसरू नये म्हणून मोठ्याने. तिचा घोष ऐकून इस्त्रीवाला कोळसे विझवायचा, शिवणकामवाली मशीनवर झाकण घालायची, कोपऱ्यावरची म्हातारी औषध घ्यायची. अख्खी गल्ली एका घड्याळावर आणि एका पोरीच्या दमावर चालली होती. घरी पोचून ती ओरडायची, "पावणेसात व्हायला सहा कमी!" म्हणून लोक तिला पावणेसातच म्हणायला लागले. इस्त्रीवाल्याचा मुलगा तर त्याच हाकेवर अभ्यासाला बसायचा. पुढे तोच तिचा नवरा झाला आणि आजही म्हणतो, "लग्नाआधीपासून मी हिच्या ओरडण्यावरच उठतो-बसतो."

या सगळ्याची मजुरी आठवड्यातून एकदा मिळायची. सहा दिवस वेळ न सांडता नेली, तर सातव्या दिवशी काका घड्याळ काढून तिच्या कानाशी धरायचे.

"काय ऐकू येतंय?"

"टिकटिक."

"टिकटिक तर पालसुद्धा करते. नीट ऐक."

मग ती श्वास रोखून ऐकायची. हळूहळू त्या टिकटिकीच्या आत आणखी काहीतरी ऐकू यायचं. बारीक, चमकदार, एकाला एक लागून, जणू खूप लांब कुणीतरी काचेच्या जिन्यावरून अनवाणी पळतंय आणि जिना संपतच नाहीये. "जिना आहे," ती म्हणाली. काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "इंजिनखोलीत तीस वर्षं काढली मी," ते म्हणाले, "तिथे तर स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नसे. वर डेकवर आलो की आधी हे कानाला लावायचो." मग चपापून म्हणाले, "पळ, तुझी आई वाट बघत असेल."

असं छान चाललं होतं, आणि एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कुत्रीला पिल्लं झाली. पाच. पावणेसातबाई "सहा पस्तीस" तोंडात घेऊन तिथे थबकल्या. एक पिल्लू पांढरं होतं, एकाचे कान काळे होते. मग एकाएकी आठवण झाली आणि ती पुन्हा पळत सुटली, "सहा छत्तीस, सहा सदतीस!" मध्ये पाऊण तास गेला होता, पण तोंडातली वेळ होती तशीच ताजी. त्या दिवशी अख्खी गल्ली पाऊण तास मागे राहिली. म्हातारीचं औषध चुकलं, इस्त्रीवाल्याचा सदरा जळला, आणि वडील कारखान्याच्या बंद फाटकाला हात लावून परत आले.

आईने कपाळाला हात लावला. "शिळी वेळ आणलीस गं मेले!"

दुसऱ्याच दिवशी घरात गजराचं घड्याळ आलं. लाल रंगाचं, टिनपाट, डोक्यावर दोन वाट्या. ते असं चालायचं की जणू माळ्यावर कुणी खडावा घालून येरझाऱ्या घालतंय. आईला तो आवाज म्हणजे अमृत. रात्री तिने ते उशाशी घेतलं आणि लग्नानंतरच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा घोरली.

पण पोरीचं मात्र घरच बसलं. आता वेळ आणायला जायचं कारण नाही. वेळ आणायची नाही, तर सातवा दिवस नाही. सातवा दिवस नाही, तर जिना नाही. तिने दोन दिवस तोंड फुगवून पाहिलं, कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने घड्याळाच्या पाठीवरची चकती एक तास पुढे फिरवली.

वडील त्या संध्याकाळी तासभर आधी कारखान्यात हजर झाले. पहारेकऱ्याने विचारलं, "घरी भांडण झालं का?" आणि चहा पाजला. वडिलांनी घड्याळ जुळवून ठेवलं, तर चौथ्या दिवशी तिने चकती वीस मिनिटं मागे फिरवली. यावेळी पहारेकऱ्याने चहा पाजला नाही. वडील घड्याळ घेऊन दुकानात गेले, दुकानदाराने उघडून बघितलं आणि काही बिघाड नाही म्हणून परत केलं. पाचव्या दिवशी ते पुन्हा पुढे.

"भानामती आहे मेल्याला," आई म्हणाली.

सहाव्या संध्याकाळी दारात जहाजवाले काका उभे. गल्लीने त्यांना कधी कुणाच्या दारात पाहिलं नव्हतं. ते घसा खाकरून म्हणाले, "तुमच्याकडे घड्याळ आलं म्हणे. किती वाजलेत त्यात?"

आई गोंधळली. "अहो, तुमच्या हातात आहे की."

"आहे. पण सहा दिवस कुणी विचारलंच नाही. न विचारता सांगायची सवय नाही मला." मग त्यांनी लाल घड्याळ उचलून कानाशी धरलं, तोंड वाकडं केलं आणि निवाडा दिला. "आवाज गाढवाचा आहे, पण प्रकृती ठणठणीत आहे. हे आपणहून चुकणार नाही. याला कुणाचं तरी बोट लागतंय."

त्या खोलीत बोटं असलेली माणसं चारच होती आणि त्यांतल्या तिघांची तोंडं कोरडी पडलेली नव्हती.

आईचा हात वर गेला. काका म्हणाले, "थांबा वहिनी." मग पोरीकडे वळून, "का गं, का केलंस?"

पोरगी रडत म्हणाली, "मला तुमचं ऐकायचंय. हे नुसतं ओरडतं."

आईचा हात वरच राहिला. वडील भिंतीकडे तोंड करून हसू लागले. आणि त्या माउलीने, जिने जन्मात एका गोष्टीवर कधी पुरता भरवसा ठेवला नव्हता, थोडा विचार करून म्हटलं, "नाहीतरी एकाच घड्याळावर विसंबायचं म्हणजे... हे रात्रीत बंद पडलं तर? रोज जाऊन ताळा करून आलेलं बरं. एकाला दोन बरी."

तेव्हापासून पावणेसातची नोकरी पुन्हा चालू झाली, पुढे काका होते तोवर, म्हणजे नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत कान असा तयार झाला की नंतर गजबजलेल्या दुकानातही बाईंना कुठलं घड्याळ कोरडं पडलंय ते कळायचं.

तर असा तो कान. तो कसा काय दगा देईल? म्हणून दगा घड्याळानेच दिला होता, यात बाईंना तिळमात्र शंका नव्हती. जगच हळू बोलायला लागलं होतं. लेक फोनवर कुजबुजायची. नवरा पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तोंडातल्या तोंडात बोलायचा. कारखान्यात कागद कापायचं यंत्र धडधडत असलं की उलट सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मग बहिरेपणाचा प्रश्नच कुठे आला? आणि बहिरी माणसं ओरडून बोलतात, बाईंचा आवाज तर दिवसेंदिवस मऊच होत चालला होता. नवऱ्याने एकदा धीर करून विषय काढला होता. "अगं, कानाच्या डॉक्टरला..." "कशाला? तुझ्या दातांचं बघ आधी." तो बिचारा तेव्हापासून स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त कुरकुरायचा, ऐकायला कुणी नाही या सुखात.

दुकानात बाईंनी पुन्हा विचारलं, "खरं सांगा, तेल घातलंत का?"

दुरुस्तीवाल्याने कपाळावरचं भिंग काढून ठेवलं. "नाही," तो म्हणाला.

"काय?"

"नाही घातलं!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की बाहेरचा पानवाला आत डोकावला. "गरजच नव्हती, बाई. साफही नव्हतं केलं. नुसतं ठेवून घेतलं. माझी हिंमत झाली नाही." आणि त्याने घड्याळ उचलून लेकीच्या कानाशी धरलं.

लेकीने ऐकलं. तिचा चेहरा पडला, आणि तो पडलेला चेहरा बाईंनी पाहिला. ऐकू कमी येत असलं तरी लेकीचा चेहरा वाचायला कान लागत नाहीत.

"येतंय ऐकू?" बाईंनी विचारलं.

लेकीने मान हलवली.

"कसं?"

"छान येतंय, आई."

बाईंनी घड्याळ परत मनगटावर बांधलं नाही, रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. रस्ता ओलांडताना लेकीने हात धरला, तो सोडवून घेतला नाही. लेकीला वाटलं होतं, आई एवढं मानेल तर आपण सुटलो. आता तो मुकाट हात तिनेच आणखी घट्ट धरला.

चौथ्या दिवशी बाई कानाच्या डॉक्टरसमोर बसल्या. डॉक्टर तरुण होता, लेकीहून लहान. बाई आल्याआल्याच म्हणाल्या, "मशीन लावायचं असेल तर लावा. हॉर्न ऐकू येईल, नवरा ऐकू येईल. पण माझं जे गेलंय ते त्याने येणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा समजूत काढत बसू नका."

डॉक्टरने समजूत काढली नाही. त्याने कान तपासायचा लोखंडी चिमटा टेबलावर आपटून घुमवला आणि कानासमोर धरला. "येतंय?"

"नाही."

मग त्याने त्याच चिमट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली.

बाई खुर्चीवरून टुणकन उडाल्या. "अरे! हे कुठून आलं?"

"हाडातून," डॉक्टर हसून म्हणाला. "तुमच्या कानाच्या आत एक तांदळाएवढं हाड आहे, ते जाम झालंय. त्यामुळे हवेतून येणारा आवाज आत पोचत नाही. पण आतली बाजू चांगली आहे. कवटीच्या हाडातून दिलं की सरळ पोचतं. ऑपरेशन होऊ शकतं, नाहीतर मशीन. घाई नाही, विचार करून—"

बाईंनी त्याचं पुढचं ऐकलंच नाही. यावेळी कानाचा दोष नव्हता. "हाड कुठलंही चालतं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, कवटीशी जोडलेलं हवं. कपाळ, जबडा... दातसुद्धा."

बाईंनी पिशवी उघडली. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं, चावी दिली आणि रुमालासकट, वरच्या-खालच्या दातांत अलगद धरलं. लेक "आई!" म्हणून ओरडली. बाईंनी डोळे मिटले. काहीतरी होतं, पण गोधडीखालून आल्यासारखं. त्यांनी घड्याळ बाहेर काढलं. ज्या घड्याळाला आजवर खळीचा वारा लागू दिला नव्हता, त्याच्या गुळगुळीत पोलादी कडेकडे एकदा पाहिलं. दाताचा ओरखडा उठला तर तो जन्मभर राहणार. मग त्यांनी रुमाल बाजूला टाकला, घड्याळ पुन्हा तोंडात घातलं आणि बिस्किटावर धरावेत तसे दात घट्ट रोवले.

डॉक्टर बघत राहिला. पुस्तकात असं काही नव्हतं. नर्सने दार उघडलं, आतला प्रकार पाहिला आणि पुन्हा हळूच लावून घेतलं.

"आई," लेकीने वाकून विचारलं, "येतंय का गं? आई? सांग ना!"

तोंडात घड्याळ असलेल्या बाई सांगणार कशा? त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पट्टा हनुवटीवर लोंबत होता. डॉक्टर चाचरत म्हणाला, "मावशी, बाहेर अजून सात पेशंट..."

बाईंनी डोळे न उघडता एक हात वर केला. थांबा जरा.